भोंग्याच्या बेटावरचा डबा

सकाळी साडेसहाला वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर मालवणच्या गाडीची वाट बघत उभी होते, तेव्हासुद्धा आपण नक्की कशासाठी निघालोय हे मला धड सांगता आलं नसतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "माहेरी का?" मी म्हटलं, "नाही हो, एक डबा शोधायला चाललेय." तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पिशवी उचलली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. तिचं तरी काय चुकलं म्हणा.

डबा दत्ताभाऊंचा. दत्ताभाऊ चिंचवडला आमच्याच सोसायटीत खालच्या मजल्यावर राहतात. मूळचे चाकणजवळच्या गावचे. चाकणच्या ज्या कंपनीत मी क्वालिटीला आहे, तिथंच ते असेंब्ली लाइनवर होते, आत्ता कुठे रिटायर झाले. माणूस सरळ, पण एक खूळ डोक्यात. जगभरात म्हणे लोक कुठंतरी डबा लपवतात, त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतात आणि अनोळखी माणसं मोबाइल घेऊन तो शोधत येतात. सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथंच ठेवायचा. बक्षीस नाही, काही नाही. मला हे दहा वेळा समजावून झालं, दहाही वेळा मी मान हलवली आणि मला दहाही वेळा काही कळलं नाही.

सहा वर्षांपूर्वी ते नि त्यांची बायको मंगल, दोघं कोकणात गेले आणि एका ओसाड बेटावर त्यांनी असाच एक डबा लपवला. मंगल दोन वर्षांपूर्वी गेली. दत्ताभाऊंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. डॉक्टर म्हणतात चाला, हे खिडकीत बसून राहतात. एक दिवस मी भाजी द्यायला गेले, तर मोबाइल माझ्यापुढे धरला. लागोपाठ तीन जणांनी लिहिलं होतं, डबा सापडला नाही. खेळाची देखरेख करणाऱ्यांनी खाली सूचना टाकली होती: महिन्याभरात जाऊन तपासा, नाहीतर डबा यादीतून काढून टाकू.

"टाकू द्या की," मी म्हटलं. "दुसरा ठेवा."

"ताई, त्या वहीच्या पयल्या पानावर मंगलनं लिवलंय," ते म्हणाले. "मी बघाया गेलो तर हात आडवा धरला. म्हणली, आत्ता न्हाई, पुढच्या वेळी आलात की वाचा."

"मग गेला का नाहीत?"

"दरसाल म्हणायचो, जाऊ. कधी ओव्हरटाइम, कधी लाइन बंद पडली. मग ती आजारी पडली. काय लिवलंय ते मला आजपतुर ठाव न्हाई. डबा गेला का ते पण गेलं."

मंगल माझी मैत्रीण होती. मी तिथल्या तिथं तीन दिवसांची रजा टाकली.

बेटाचं नाव मी इथं लिहिणार नाही. जागा सांगून टाकली तर खेळ संपतो, असं दत्ताभाऊंनी बजावलंय. मालवणच्या अलीकडे-पलीकडे कुठंतरी आहे, एवढं पुरे. गाडीतून उतरले तेव्हा संध्याकाळ झाली होती. ज्यांच्या घरी खोली घेतली होती त्या काकूंनी घावणे (तांदळाच्या पिठाचे जाळीदार, पातळ पोळे) आणि बांगड्याचं तिखलं (झणझणीत, दाट कालवण) वाढलं. मी सहा घावणे खाल्ले. सातवा घेताना त्या म्हणाल्या, "खावा हो, उद्या वाऱ्यान उडान जाशात." मला वाटलं, थट्टा करतायत.

थट्टा नव्हती. सकाळी होडीनं निघालो आणि पाचव्या मिनिटाला माझी टोपी समुद्रात गेली. होडी आबांची. आबा म्हणजे साठीचे तांडेल (होडी चालवणारे मुख्य नाविक), अंगानं काटक, बोलणं मोजकं. अर्ध्या तासानं बेट दिसलं. एकही झाड नाही. गवत सगळं एका अंगाला झोपलेलं. मधे शेंदूर लावलेला एक दगड आणि त्यावर चिंध्या झालेला भगवा झेंडा, बस्स. वारा इतका, की मी बोललेलं मलाच ऐकू येईना.

आणि मग भोंगा वाजला!

खडकाखाली गुहा आहे आणि तिच्या छताला भोक. लाट आत शिरते, कोंडलेली हवा नि पाणी त्या भोकातून दोन पुरुष उंच उडतं आणि असा आवाज होतो की छातीत धस्स व्हावं. इथले लोक त्याला भोंगो म्हणतात. मी लहानपणापासून चिंचवडमध्ये कंपन्यांचे भोंगे ऐकत वाढले. आवाज आला तशी माझी नजर आपसूक घड्याळाकडे गेली. आबा हसले.

"किती वेळानं वाजतो हा?" मी विचारलं.

"भोंगो कदी वाजतलो, ता भोंग्याकच म्हायत."

दत्ताभाऊंनी खूण सांगितली होती: भोंग्याकडे तोंड करून उभं राहायचं, उजव्या हाताला तीन धोंडे, त्यांच्या कपारीत ग्रीसचा प्लॅस्टिकचा डबा. झाकणापासून डब्याच्या अंगापर्यंत एक पिवळी रेघ. ही रेघ आमच्या लाइनवरची. नट नीट आवळला की नटावरून खालच्या भागावर पेंट मार्करनं एक रेघ ओढायची. नट सैल पडला तर रेघ तुटलेली दिसते. डब्याच्या माहितीतसुद्धा त्यांनी लिहिलं होतं, झाकण रेघेला रेघ जुळेपर्यंत आवळा.

ऐकायला सोपं. पण भोंग्याकडे तोंड कुठल्या बाजूनं करायचं? तो मधे आहे, उभं कुठूनही राहता येतं. आणि तीन धोंडे? अहो, तिथं तीनशे धोंडे होते! मोबाइलमधला बाण म्हणाला अकरा मीटर. दोन पावलं चालले तर म्हणाला सव्वीस. मग त्यानं सरळ समुद्राकडे बोट दाखवलं. दत्ताभाऊंना विचारावं तर रेंज नाही.

बाण शुद्धीवर येईपर्यंत उभी होते, तर पायाशी कचरा दिसला. लाटांनी आणून टाकलेला: बाटल्या, थर्माकोल, जाळ्यांचे गुंते, चपला, समुद्रातल्या डांबरानं बरबटलेले डबेडुबे. आता माझी वीस वर्षं गेली आहेत फाइव्ह एसमध्ये (नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, पुसा, तसा नियम घाला आणि तो रोज पाळा). माझ्याच्यानं असलं बघवत नाही. घरीसुद्धा मुलगी म्हणते, आई, पाहुण्यांच्या हातातला कप तरी सोड. होडीतून मी रिकामं पोतं आणलं आणि भरायला घेतलं. मधेच भोंगा उडून मला न्हाऊ घालायचा. डोळ्यांत खारं पाणी, हातात येईल ते पोत्यात.

आबा लांबून ओरडले, "पुण्यासून हय कचरो येचूक इलास काय?"

"पुणं नाही, चिंचवड!" मी ओरडले. एवढं सांगितलंच पाहिजे.

पोतं तोंडापर्यंत भरलं, जागा लख्ख झाली. मग मी शोधायला लागले. एकेक कपार घेतली. हात घातला, काठी घातली, खेकड्यानं अंगठा धरला म्हणून बोंबलले. पूर्वेकडून तोंड केलं, पश्चिमेकडून केलं. एकदा तर दत्ताभाऊंना उजवा-डावा हात कळतो का, अशीही शंका आली. तीन तास गेले. सापडला नाही म्हणणारी ती तिन्ही माणसं खरं बोलली होती. डबा नव्हता.

मी एका दगडावर बसले आणि मला रडूच आलं. मंगलच्या शेवटच्या दिवसांत मी सेकंड शिफ्टला होते. उद्या जाते, उद्या जाते करत राहिले आणि भेट राहून गेली. निदान हे एक काम तरी हातून होईल, असं वाटलं होतं.

आबा जवळ आले. "बाय, भरती इली. चला आता."

होडीत बसून दत्ताभाऊंना काय सांगायचं, तेच मनात घोळवत होते. सांगायला तर लागणार होतंच.

किनाऱ्याला लागलो. आबांनी माझं पोतं खांद्यावर टाकलं आणि माडाखालच्या राखेच्या खड्ड्यात उपडं केलं. खिशातून काडेपेटी काढली.

"अहो आबा! जाळताय काय? प्लॅस्टिक आहे ते!"

"मगे काय तेची पूजा करू?"

मन कितीही बुडालेलं असो, हात आपलं काम करतात. मी खड्ड्याशी बसले आणि वेगळं करायला लागले. बाटल्या इकडे, थर्माकोल तिकडे, दोर पलीकडे. एक बसका डबा हाताला लागला, डांबरानं काळा, वर शिंपले चिकटलेले. ह्याला कुठल्या ढिगात टाकायचं ते कळेना. आम्ही नव्या पोरापोरींना शिकवतो, पुसणं म्हणजेच तपासणं. नारळाचं सोडण घेतलं, वाळू लावली आणि घासला.

डांबराखालून पिवळं काहीतरी दिसलं. अजून घासलं. झाकणावरून खाली अंगावर उतरलेली, बोटभर लांब, सरळ रेघ.

तुटलेली नव्हती.

माझ्या तोंडून काय आवाज निघाला देव जाणे, आबांच्या हातातली काडेपेटी पडली. मी त्यांना डबा दाखवत राहिले, "हाच! आबा, हाच तो!"

त्यांनी डबा बघितला, मग मला बघितलं. "ह्यो? अवो, ह्यो तर तुमी सकाळी पयलोच उचललास!"

म्हणजे मी तीन तास जो डबा शोधत होते तो माझ्याच पोत्यात होता. लाटांनी तो कपारीतून उचकटून कचऱ्यात नेऊन टाकला होता. आधीचे तिघं शहाणे, त्यांनी सांगितलेल्या जागी शोधलं आणि परत गेले. कचऱ्याला हात लावणारी येडी मीच. आणि त्याही आधी कोणीतरी अनोळखी माणूस येऊन गेला होता, त्यानं जाताना झाकण रेघेला रेघ जुळेपर्यंत आवळलं होतं. वहीत नाव असेलही, पण तो कोण, कुठला, मला ठाऊक नाही. त्याचं भलं होवो.

डबा उघडला. वही कोरडी ठणठणीत. पाच-सात नावं होती, बाकी पानं कोरी. भाऊंनी सांगितलं होतं, वही भरली किंवा भिजली तरच बदला. वाचावं की नाही, मला कळेना. पण अक्षरं शाबूत आहेत का, एवढं तर बघायला हवंच, अशी मी मनाची समजूत घातली आणि पहिलं पान उघडलं. मंगलचं ते गोल, पाटीवरचं अक्षर.

"डबा कशाला लपवायचा, मला काही कळलं नाही. पण आज हे दिवसभर हसत होते. असं हसताना लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं. मंगल."

मी वही मिटली. आबांनी पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत बेटावर गेलो. आबांनी जाण्यायेण्याचं वेगळं काही घेतलं नाही. उलट लाट पोचणार नाही अशी उंचावरची कपार त्यांनीच शोधून दिली. नव्या जागेचे आकडे मी मोबाइलमध्ये टिपले, पहिल्या पानाचा फोटो काढला. वहीत शेवटी लिहिलं, "मलाही नाही कळलं ग." खाली सही केली, झाकण आवळलं, रेघेला रेघ आणली. भोंगा वाजला, आणि या वेळी मी घड्याळाकडे बघितलं नाही.

चिंचवडला पोचले ती तडक दत्ताभाऊंकडे. ते खिडकीतच होते.

"सापडला?"

"सापडला. वही कोरडी आहे भाऊ. रेघ जुळलेली होती."

त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला. मी फोटो उघडून मोबाइल पुढे केला, तर त्यांनी पडद्यावर तळहात आडवा धरला.

"न्हाई, ताई. ती म्हणली व्हती, आलात की वाचा. मी आजून गेलोय कुटं?"

मी मोबाइल पिशवीत टाकला. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, अख्ख्या लाइनला माहीत आहे. ही एक ओळ पोटात ठेवून त्या माणसाला रोज भेटायचं, म्हणजे मला शिक्षाच. घरी येऊन मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण मग आई, तू गेलीस कशाला?"

सोमवारी फर्स्ट शिफ्टला निघाले. लिफ्टची वाट बघत होते, तर जिन्यात काठीचा टक टक आवाज. वाकून बघितलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं कठडा घट्ट धरलेला, घामानं भिजलेले दत्ताभाऊ एकेक पायरी वर येत होते.

"भाऊ! लिफ्ट चालू आहे की."

"ठाव हाय." ते थांबले, दम खाल्ला. "ताई, होडीतनं उतरल्यावर चढ किती हाय हो?"

"शंभरेक पावलं असतील. पण खडक निसरडे आहेत."

"मग आजून एक मजला करतो," ते म्हणाले आणि माझ्या बाजूनं वर गेले.

खाली कंपनीची बस हॉर्न देत होती. मंगलची ओळ ओठांवर आली होती, ती मी गिळली आणि पळत जिना उतरले.