पुसलेली वळणं

दादाने ती अक्षरं उजव्या हाताने काढली होती. आता तो हात मांडीवर नुसता पडून असतो. छापखान्यात दोघं भावंडं बरोबरच लागली. तो अक्षरं काढी, धाकटी बहीण ती संगणकात भरून पानं लावी. त्याला अर्धांगवायू झाला, ती कामावर राहिली. त्यामुळे भाचीला आपल्या नव्या दवाखान्याचा फलक बापाच्याच अक्षरांत हवासा वाटला, तेव्हा ते काम आत्याकडे आलं.

"किती वेळ लागेल?" दादाने विचारलं.

"चहा निवायच्या आत देते."

"मग झालंच. तुझा चहा कायम गार, चिमणे."

पडद्यावर अक्षरं नीट उमटली. छापखान्यातल्या नव्या प्रिंटरने मात्र भलतीच काढली, टाइपरायटरवर बडवल्यासारखी. तिला वाटलं, आवृत्तीचा घोळ असेल. पान कसं छापायचं हे संगणक प्रिंटरला ज्या भाषेत सांगतो, ती नव्या यंत्रात बरीच पुढे गेली होती. तिने जुनी आवृत्ती निवडून पाहिली. तेच.

मग तिने दादाच्या अक्षरांच्या फॉन्टची फाइल शोधली, तर ती एकटीच निघाली. त्या जुन्या प्रकारच्या फॉन्टचे दोन भाग असत. एक पडद्यापुरता, नुसत्या ठिपक्यांचा. दुसरा खरा, वळणांचा; तो मिळाला नाही की प्रिंटर आपल्याजवळची अक्षरं लावी. तो एकदा प्रिंटरच्या डिस्कवर चढवला की संगणकात नसला तरी छपाई अडत नसे. मागे संगणक बदलताना तिने पहिलाच भाग आणला होता. काही अडलं नाही, म्हणून कळलंही नाही. पुढे जुना प्रिंटर भंगारात निघाला, तेव्हा गिऱ्हाइकांचं काही बाहेर जाऊ नये म्हणून डिस्क तिनेच पुसली. दादाचे मूळ कागद घर बदलताना गेले होते. "संगणकात आहे की सगळं," हेही तीच म्हणाली होती.

तिने ठिपकेच मोठे करून छापले, कागद दादापुढे ठेवला आणि काही न वगळता सांगितलं.

त्याने डाव्या हाताचं बोट एका वळणावरून फिरवलं. "मी घसरगुंडी काढली होती. हा जिना झाला."

"चुकलं माझं, दादा."

"पोरीला सांग, साधी अक्षरं लाव. पेशंट काय अक्षरं बघायला येतात?"

फलक लागला त्या दिवशी आत्या-भाचीने त्याला चाकाच्या खुर्चीतून नेलं. तो बराच वेळ वर बघत होता.

"कसा वाटतो, बाबा?" भाचीने विचारलं.

"वाचता येतो."

आत्याने खुर्चीचा ब्रेक काढला आणि ती घराकडे वळवली.