खिळ्यावरचं घड्याळ

टूमी क्रीकच्या खोऱ्यात क्लॉड ट्रजेटच्या घरातलं घड्याळ उन्हाळ्यात कधीच पुढे गेलं नाही. ऑक्टोबर सरत आला, तिथला उन्हाळा जवळ आला, की सगळं राज्य घड्याळं तासभर पुढे करी आणि क्लॉड म्हणे, "सिडनीवाल्यांना संध्याकाळी समुद्रावर लोळायला उजेड हवा, म्हणून मी अंधारात धारा काढायच्या?" त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दुधाचा टँकर सरकारी वेळेनं येई, गाई सूर्याच्या वेळेनं उठत, आणि या दोघांच्या मधे क्लॉड शिव्या घालत उभा असे. पण गोठ्यात नवी वेळ पाळावी लागली, म्हणून घरात त्यानं जुनीच चालवली. बायको आयव्ही आणि एकुलती एक मुलगी ग्लेनिस, दोघींना मनातल्या मनात एक तास मिळवून जगायची सवय झाली होती.

ग्लेनिस हुशार होती. बारावी होऊन आर्मिडेलच्या कॉलेजात जायचं, शिक्षिका व्हायचं, एवढं तिनं ठरवलं होतं. आईला ते ठाऊक होतं. बापालाही ठाऊक होतं, पण तो त्यावर कधी बोलला नाही. फक्त एकदा जेवताना, थंड मटणाचा तुकडा कापता कापता म्हणाला की पोरगी गेली तर पहाटेच्या धारांना माणूस ठेवावा लागेल, आणि माणूस काही फुकट मिळत नाही.

त्या वर्षी घड्याळं रविवारी पुढे गेली आणि सोमवारी इंग्रजीचा पेपर होता. इंग्रजीत नापास म्हणजे सगळ्यातच नापास. ग्लेनिसनं आपलं मनगटी घड्याळ रविवारीच पुढे करून ठेवलं. सोमवारी पहाटे धारा काढायला गेली तेव्हा नेहमीसारखं ते काढून गोठ्याच्या दाराशी खिळ्याला अडकवलं. हात सतत पाण्यात असत. काम उरकलं, घड्याळ हातात घातलं. बराच वेळ शिल्लक दिसला. आज भरभर आवरलं, असं तिला वाटलं. तिनं सावकाश अंघोळ केली, गणवेश घातला आणि टोस्ट खात कवितांची टिपणं चाळत बसली.

चाळता चाळता तिची नजर स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे गेली. मग मनगटाकडे. दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवत होती.

टोस्ट तिच्या हातातच राहिला. घरातलं घड्याळ कुणी पुढे केलेलं नव्हतं. म्हणजे हातातलं मागे आलं होतं. आई चुलीकडे तोंड करून उभी होती आणि पुसलेलीच किटली पुन्हा पुसत होती.

ग्लेनिस अंगणात धावली. बाप ट्रकच्या पायरीवर बसून बुटांचा चिखल खरवडत होता.

"डॅड, बस गेली. मला शाळेत सोडा. आत्ताच्या आत्ता."

"कसली घाई?" क्लॉड म्हणाला. "घड्याळ बघ की. भरपूर वेळ आहे."

तिनं विनवण्या केल्या, रडली, ट्रकची किल्ली मागितली. किल्ली त्याच्या खिशात होती आणि तिथेच राहिली. आयव्हीला गाडी येत नव्हती. शेवटी ग्लेनिस दप्तर घेऊन खडीच्या रस्त्यानं पळत सुटली. जॅकरांडाच्या फुलांचा रस्त्यावर सडा पडला होता, त्यावरून ती दोनदा घसरली. वाटेत टँकरवाला कॉलिन भेटला. त्यानं तिला वर घेतलं, पण त्याला आधी दोन गोठ्यांवरचं दूध घ्यायचं होतं आणि त्यानं ते घेतलं. ती शाळेत पोचली तेव्हा सभागृहाचं दार बंद झालेलं होतं. उशिरा येणाऱ्याला आत घ्यायची मुदत टळून गेली होती. वर्गशिक्षिका पर्यवेक्षकाशी भांडली, मग ग्लेनिसबरोबर पायरीवर बसून राहिली. नियम तो नियम.

गोष्ट खोऱ्यात पसरायला दोन दिवसही लागले नाहीत. कॉलिननं ती प्रत्येक गोठ्यावर सांगितली, आणि लोक हसले. हसणाऱ्यांत वाईट माणसं फारशी नव्हती. पण सरकारी वेळ झुगारून क्लॉडनं सरकारला कसा धडा शिकवला, हेच सगळ्यांना त्यात दिसलं. क्लॉड स्वतः ती गोष्ट सांगे तेव्हा दर वेळी तिला नवी शेपटी फुटे. पाहुणे मांडीवर थापा मारत हसत, आणि त्यांच्या कपात चहा ओतायला ग्लेनिसच असे.

पुन्हा परीक्षेला बसते, असं ती म्हणाली. क्लॉड म्हणाला, गाई थांबणार असतील तर बस. त्याच वर्षी आयव्हीची बोटं सांधेदुखीनं वाकडी झाली, आणि तो विषय संपला.

गावच्या हॉलमधल्या शनिवारच्या नाचाला ती काही दिवस जात राहिली. तिला पाहिलं की कुणीतरी हटकून विचारी, "किती वाजले गं, ग्लेनिस?" डेस नावाचा एक लाकूडतोड्या तसला नव्हता. तो तिच्याबरोबर तीनचार शनिवार नाचला, तिच्या आईसाठी मध घेऊन आला. मग एका शनिवारी, मित्र बघत आहेत असं पाहून, त्यानंही मनगटावर बोट टेकवलं आणि तोच प्रश्न विचारला. ग्लेनिस कोट घेऊन घरी आली. त्यानंतर ती नाचाला गेली नाही.

वर्षं गेली. आयव्ही अंथरुणाला खिळली. एका सकाळी ग्लेनिस तिचे केस विंचरत होती, तेव्हा ती म्हणाली, "मी पाहिलं होतं गं. तो खिळ्याजवळ उभा होता."

"माहीत आहे," ग्लेनिस म्हणाली आणि वेणी पुरी केली. आईनं क्षमा मागितली नाही आणि तिनं दिली नाही. आठवड्याभरात आयव्ही गेली.

मग दुधाचा धंदा बसला, गाई विकल्या, आणि क्लॉडची स्मरणशक्ती विरत चालली. दिवस कुठला, वेळ कुठली, काही कळेना. दर थोड्या वेळानं तो विचारी, "धारांची वेळ झाली का?" ग्लेनिस आता त्याला नावानं हाक मारी. एका दुपारी, जेवणानंतर, ती नुसती वैतागून म्हणाली, "हो क्लॉड, झाली वेळ. ऊठ." म्हातारा उठला, गमबूट चढवले, रिकाम्या गोठ्यात जाऊन ओट्यावर बसला. ग्लेनिसनं चहा केला आणि खिडकीतून पाहत सावकाश प्यायला. बऱ्याच वर्षांत चहा तिला इतका गोड लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं तेच केलं. मग रोज. उन्हात पत्रा तापे, कधी पाऊस झोडपे. तो बसून राही. तिचं मन होई तेव्हा ती त्याला आत आणी.

एका वसंतात शेजारच्या नोरीननं हॉलमध्ये बैठक बोलावली. घड्याळं पुढेमागे करणं कायमचं बंद करा, अशा अर्जावर तिला सह्या हव्या होत्या. पोरं सकाळी पेंगतात, हद्दीपलीकडे क्वीन्सलंडात वेळ वेगळी असल्यानं डॉक्टरची भेट चुकते, असं एकेक जण सांगत होता. दुकानदार म्हणाला, संध्याकाळी उजेड असतो म्हणून तर चार गिऱ्हाइकं थांबतात. वाद रंगला तेव्हा नोरीन ग्लेनिसकडे वळली. "तू सांग यांना. या घड्याळानं तुझं काय केलं ते सांग." मागून कुणीतरी खुदकन हसलं.

ग्लेनिस उठून उभी राहिली.

"घड्याळानं माझं काही केलं नाही," ती म्हणाली. "घड्याळ आपण होऊन मागे जात नाही. कुणाचा तरी हात लागतो. आणि तुम्ही सगळे त्यावर हसलात." ती नोरीनकडे वळली. "मला तो संध्याकाळचा उजेड आवडतो. झाडांना पाणी घालता येतं. मी सही करणार नाही."

ती घरी आली तेव्हा क्लॉड गोठ्यातच होता. तोंड उन्हानं लाल झालं होतं, ओठ सुकले होते.

"गाई आल्या नाहीत," तो म्हणाला.

"येतील. बस तू," ती म्हणाली आणि पाण्याचा नळ सोडून वाफ्याकडे वळली.

पुढच्या हिवाळ्यात छातीत कफ होऊन तो गेला. दफन झाल्यावर सगळे घरी आले. नोरीननं ग्लेनिसचे दोन्ही हात हातात घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की बापाची इतकी सेवा आजकाल कुणी करत नाही. माणसांनी माना डोलावल्या. एकानं डोळे पुसले. ग्लेनिसनं हात सोडवून घेतले, लॅमिंग्टन केकच्या वड्या कापल्या आणि बशा फिरवल्या.