मायनं येचून फेकलेली पृथ्वी

थांबा, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर मजा निघून जाईन. आत्ता मायले मोबाईलवर आकाशगंगेचा फोटो दाखवला. त्यात एका जागी लाल ठिपका, आपला सूर्य इथं म्हणून. मायनं पाह्यलं आन् नखानं तो ठिपका खरवडाले लागली. मले एकदम नववीतला सायन्स फेअर आठवला.

त्या साली आमचा जिल्हा फुटला होता. आदिलाबादचे चार झाले आन् मुधोळकडचं आमचं गाव निर्मलमधी गेलं. तोवर आमची मराठी शाळा फेअरले आदिलाबादले जाय, तिथं तपासणारे सर मराठी बोलत. आता निर्मल, सगळं तेलुगूत. आमचे सर म्हणे, "तिथं आपल्याले कोणी वळखत नाही. नीट सांगजो." पहिला नंबर आला की हैदराबाद. मले हैदराबादले जायाचंच होतं.

मी छत्रीचं काळं कापड पुठ्ठ्यावर ताणलं आन् घरच्या कापसाचे पुंजके चिकटवले. एक पुंजका म्हणजे एक आकाशगंगा, अब्जावधी ताऱ्यांची. आपली कोपऱ्यात, गोल गोल पिळून हात काढलेली. तिच्या एका हातावर, मधल्या गोळ्यापासून लांब पण पार टोकाले बी नाही, पत्तीचा, म्हंजे कापसात अडकलेल्या वाळल्या पानाच्या चुऱ्याचा, एक काळा कण ठेवला. तो सूर्य, पृथ्वी त्याच्यातच धरा.

सकाळी मी आंघोळीले गेली तवा मॉडेल मायजवळ होतं. आमच्याकडं कापूस घरी आला की पुढची खोली भरून जाते, आन् माय बोलता बोलता त्यातली पत्ती येचत राह्यते. पत्ती दिसली की व्यापारी भाव पाडतो. तिचा हात थांबतच नाही.

निर्मलले तपासणारे सर आले, वाकून पाह्यलं, इचारलं, "भूमि एक्कडा?" पृथ्वी कुठं. मी बोट नेलं तर तिथं काहीच नाही. नुसता पांढराशुभ्र कापूस.

माझं तेलुगू तिथंच संपलं. हिंदीत म्हटलं, "सर, यहीं थी. सुबह मम्मी ने कचरा समझ के निकाल दी."

बाजूच्या टेबलावरचे पोरं पोट धरून हसले. सर नाही हसले.

"बीच में थी?"

"नहीं सर, बीच से दूर. इस हाथ पे." बोट तिथंच ठेवून उभी राह्यली.

"अब तो कुछ दिखता नहीं."

"सर, इतने छोटे में सूरज भी नहीं दिखता. वो तो सिर्फ बताने के लिए रखा था."

त्यायनं काहीतरी लिहिलं आन् पुढं गेले.

दुसरा नंबर आला. हैदराबादले ज्वालामुखीवाला गेला.

घरी आल्या आल्या मायले म्हटलं, "तू पृथ्वी येचून फेकली."

"मंग सांगून जायाचं ना वं. मले वाटलं पत्ती हाये."

"पत्तीच होती."

"मंग काऊन भांडून राह्यली?"

मॉडेल अजून कपाटावर हाये. नवा कण मी ठेवला नाही, जागा मले माहीत हाये. तुमच्या घरी बी कोणी साफसफाई करता करता तुमची अशी आख्खी पृथ्वी फेकली का कधी?