फेटेवाल्या उत्तरेश्वराचा खांदा

पालीचा उत्तरेश्वर लग्नांत फेटे बांधतो. तीस वर्षं त्याने समोरच्याला उभं करूनच फेटा बांधला. खाली बसवून बांधलं तर फेट्याचा मान जातो, असं तोच सांगायचा.

मागच्या वर्षी त्याला कुत्रं चावलं, म्हणून एका खाजगी दवाखान्यात त्याने लस घेतली. सुई दंडाऐवजी पार वर, खांद्याच्या सांध्यात गेली. उजवा हात छातीच्या वर जाईना.

"कुत्रं बरं व्हतं," तो बायकोला, ताराबाईला म्हणाला. "पंधरा दिवसांत भरून आलं."

रामहरी वकिलांनी ग्राहक आयोगात भरपाईची तक्रार लावली, डॉक्टरचा दाखला जोडला. दवाखान्याच्या वकिलाने मात्र कडा गावातल्या एका लग्नाचा व्हिडिओ दाखवला. त्यात उत्तरेश्वर भराभर फेटे बांधत होता.

"हाच का तो अधू हात?"

"समदे खाली बसवले व्हते, साहेब," उत्तरेश्वर पुटपुटला. व्हिडिओत नुसती डोकी दिसत होती.

"बसवून बांधलंत, असं कोणाचं तरी शपथपत्र आणा," रामहरी म्हणाले. "सोयरा नको."

"कड्याचे भगवानराव हायेत की," ताराबाई म्हणाली. "पोत्यावर बसवलं म्हणून गावभर तुमच्या नावानं शंख करतेत!"

उत्तरेश्वर कड्याला गेला. भगवानरावांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"वरबाप मी! अन् मला खताच्या पोत्यावर बसवलंस बे? इवाई, पोरीचा बाप, खुर्चीत बसून बघतोय!"

"हेच कागदावर लिहून द्या, मालक. माझ्या बाजूनं एक शब्द नको."

भगवानराव गोंधळले. "तक्रार तुझ्याविरुद्ध, अन् तूच लिहून मागतोस?"

शपथपत्र चार पानांचं झालं. पोतं फाटकं होतं इथपासून, 'माझ्या वडिलांना याच माणसाने उभ्याने फेटा बांधला, मग माझ्यात काय कमी होतं?' इथपर्यंत. रामहरींनी दोन पानं गाळायचं सुचवलं.

"एक ओळ काढली तर सही न्हाई," भगवानराव गरजले.

आयोगाच्या अध्यक्षबाईंनी चारही पानं वाचली आणि हसू दाबायला पदर तोंडाला लावला. तीन महिन्यांनी निकाल लागला. दवाखान्याने उपचाराचा खर्च आणि भरपाई द्यावी.

ताराबाईने पेढे वाटले. कड्याला पेढे पोचले तेव्हा भगवानरावांनी निकालाची प्रत मागवली, चष्मा लावून दोनदा वाचली आणि रामहरींना फोन केला.

"वकीलसाहेब, ह्याचा खांदा लिवला. माझ्या अपमानाचं कावून न्हाई लिवलं? अपील कुठं करायचं असतंय?"