बिनआवाजाची गाडी

आमच्या घरात गाडी कुठली घ्यायची हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नव्हतं. लग्नानंतरची मोटरसायकल, मग एक जुनी जीप, मग डिझेलची गाडी, सगळं यांनीच पाहून, ठोकून-वाजवून आणलं. हे ठिबक सिंचनाच्या कंपनीत होते. यावल, रावेर, चोपडा, केळीच्या बागांतले चिखलाचे रस्ते. यांची नोकरी म्हणजे गाडी चालवणंच होतं. जेवायला बसले तरी बोलणं रस्त्यांचं. कुठला पूल खचला, कुठे मोरीचं काम चाललंय, कुठल्या वळणावर ट्रॉल्या उभ्या असतात.

त्यामुळं यांच्या डोळ्यांचं दुखणंही आधी गाडीवरच दिसलं. एका दुपारी यावलहून आले तर गाडीची उजवी बाजू पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत खरवडलेली. "ट्रॉलीवाला घासून गेला," म्हणाले. मी ते खरं धरलं. मग काही दिवसांनी आमच्याच फाटकाच्या खांबाला लागून उजवा आरसा तुटला. खांब काही अंगावर येत नाही. मी वाद न घालता धुळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नंबर लावला.

साखरेनं उजव्या डोळ्याचा पडदा पार खराब केला होता. डाव्यालाही सूज होती, पण तो इंजेक्शनं देऊन जपता येईल असं डॉक्टर म्हणाल्या. "आणि काका, गाडी चालवायची नाही. स्कूटरसुद्धा नाही."

हे "बरं" म्हणाले. बाहेर आलो, ऊन मी म्हणत होतं, डोळ्यात औषधाचे थेंब घातलेले, आणि यांनी खिशातून किल्ली काढून नेहमीसारखं ड्रायव्हरकडचं दार उघडलं.

"पारोळ्यापर्यंत नेतो. पुढचं पुढं बघू."

"मी बसणार नाही," मी म्हणाले.

बराच वेळ आम्ही दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे होतो. शेवटी धुळ्यातच राहणाऱ्या यांच्या मोठ्या बहिणीच्या, अक्कांच्या शेजारच्या मुलाला बोलावून गाडी त्यांच्या दारात लावली आणि आम्ही एसटीनं जळगावला आलो. दोन दिवसांनी पैसे देऊन एक ड्रायव्हर गाडी घेऊन आला. तेव्हापासून ती पोर्चमध्ये उभीच राहिली.

मी एरंडोलच्या एका शाळेत शिकवते. रोज बसनं जाते, त्यात नवीन काही नव्हतं. अडचण होती ती धुळ्याची. इंजेक्शनांसाठी दर थोड्या दिवसांनी जायचं, येताना यांच्या डोळ्यावर पट्टी, आणि स्टँडवरच्या गर्दीत यांचा हात धरला की हे झटकून टाकायचे. माझ्याकडं लायसन्स होतं. पण क्लच आणि गिअर मला कधी जमलेच नव्हते. शिकत असताना पिंप्राळ्याच्या चढावर गाडी बंद पडली होती आणि मागचे हॉर्न ऐकून मी रडायला लागले होते. त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

आमच्या शाळेतल्या एका बाईंनी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. एकदा सुट्टीत त्यांनी मला बळंच त्यांच्या सीटवर बसवलं आणि मैदानात चक्कर मारायला लावली. डावा पाय नुसता ठेवून द्यायचा. उजवा पाय उचलला की गाडी आपोआप मंद होते, चढावर बंद पडत नाही. मी दोन चकरा मारल्या, मग आणखी दोन. घरी येऊन यांना सांगितलं, की आपण अशी गाडी घेऊ, मी चालवीन.

"जळगावच्या उन्हात?" हे म्हणाले. "इथं डांबर वितळतं. बॅटरीचं काय होईल?"

फिरतीची नोकरी सुटून घरी बसलेल्या यांना त्या दिवसापासून एक कामच मिळालं. मोबाईल डाव्या डोळ्याजवळ धरून हे इलेक्ट्रिक गाड्यांचे व्हिडिओ बघत बसायचे आणि संध्याकाळी मी चहा ठेवला की दिवसभरात सापडलेली खोट सांगायचे. छोट्या गाडीची रेंज कमी, एसी लावला की आणखी कमी, धुळ्याला जाऊन परत येईपर्यंत जीव टांगणीला. मोठी गाडी आपल्या फाटकातून वळायची नाही. मधली बरी, पण तिची पुढची सीट बसकी. लाईट गेली तर काय करशील? विकायला काढली तर कोण घेईल? प्रत्येक गोष्टीत थोडं तथ्य होतं. मी वायरमनला बोलावून पोर्चमध्ये वेगळा पॉइंट बसवता येईल का विचारलं, तर हे त्याच्याशीच अर्थिंगवरून भांडले. तो गेल्यावर मी म्हटलं, "तुम्हाला गाडी नकोय की मी चालवायला नकोय?"

"आधी गाडी बघू," हे म्हणाले. "न बघता काय बोलायचं."

म्हणून एका रविवारी आम्ही हायवेवरच्या शोरूममध्ये गेलो. तिथला विक्रेता पन्नाशीचा, अदबशीर माणूस. मी विचारलं, की रोज एरंडोल जाऊन-येऊन करायचं तर किती दिवसांनी चार्ज करावी लागेल. त्यानं उत्तर दिलं ते यांच्याकडं बघून. "सर, रोज रात्री लावली तर बघायलाच नको." मी विचारलं, मे महिन्यात रेंज किती घटते. "सर, थोडा फरक पडतो, तुम्ही तर जाणता." हे मान डोलवत होते, बॉनेट उघडायला लावत होते, खाली वाकून बॅटरीचं पत्र्याचं कव्हर चाचपत होते. कित्येक महिन्यांनी मी त्यांना असं ताठ उभं राहिलेलं पाहत होते.

मग विक्रेत्यानं टेस्ट ड्राइव्हची गाडी दारात आणली आणि किल्ली यांच्यापुढं धरली. "या सर."

"मी चालवणार आहे," मी म्हणाले.

"तू नंतर," हे म्हणाले. "आधी मी बघतो कशी आहे ती." आणि किल्ली घेतली.

तिथंच बोलायला हवं होतं, की यांना उजवीकडचं दिसत नाही. त्या परक्या माणसासमोर ते शब्द मी जुळवत होते तोवर हे आत बसलेसुद्धा. विक्रेता शेजारी बसला. मी मागं. मला वाटलं, सर्व्हिस रोडनं सरळ जाऊन परत यायचंय, तेवढं निभेल.

सरळ रस्त्यावर यांनी गाडी सुरेख चालवली. "पिकअप छान आहे," म्हणाले, आणि आवाजात जुना उत्साह होता. मग परतायला सर्व्हिस रोड आणि हायवेमधल्या दुभाजकाच्या फटीशी आले. थांबले. मान उजवीकडं वळवून नीट पाहिलं. आणि गाडी पुढं घेतली.

उजवीकडून एक म्हातारबाबा मोपेडवर येत होते, मागं कापसाची नवी गादी गुंडाळून बांधलेली. मी "थांबा" म्हणून ओरडले. गाडी जागच्या जागी थांबली, पण मोपेडचं पुढचं चाक बंपरला लागलं आणि ते गादीसकट आडवे झाले.

आम्ही धावलो. त्यांचा गुडघा सोलला होता, तळहातातून रक्त येत होतं. माणसं जमली. कुणी म्हणालं, "या लाईटच्या गाड्यांना आवाजच नसतो, कळणार कसं माणसाला?" विक्रेता लगेच हो हो करायला लागला. यांनीही तेच धरलं. "आवाज नाही ना, त्यांच्या लक्षात आलं नाही," हे जमलेल्या लोकांना सांगत होते.

खाली बसलेले ते बाबा गुडघा धरून यांच्याकडं बघत होते. ते गाद्या भरायचं काम करायचे, नमाजाच्या आधी गिऱ्हाइकाकडं पोहोचायचं होतं त्यांना. चिडलेले नव्हते, गोंधळलेले होते. म्हणाले, "भाऊ, माझ्या लक्षात होतं. मी तुमच्याकडं बघत होतो, तुम्ही माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, यांनी आपल्याला पाहिलं. तरी तुम्ही आले."

लोक पांगेपर्यंत हे तसेच उभे राहिले. मी आणि विक्रेता त्या बाबांना जवळच्या दवाखान्यात घेऊन गेलो, मलमपट्टी केली, मोपेडचं वाकलेलं हँडल सरळ करून घेतलं, गादी गिऱ्हाइकाकडं पोचवली. परत आलो तर हे गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले होते.

त्यानंतर घरात व्हिडिओ बंद झाले. खोट काढणंही बंद झालं. मी कुठली गाडी विचारलं की "तुला पटेल ती घे" म्हणायचे. आधीच्या भांडणापेक्षा मला ते जड गेलं. दुपारी घरी एकटे असताना हे काय करतात, मला कळेना. शाळेतून फोन केला तर "बसलोय" एवढंच.

शेवटी गाडी मी एकटीनं बुक केली. मधली घेतली, फाटकातून वळेल आणि थोडंबहुत लांब जाईल अशी. रंग पांढरा, उन्हासाठी. विक्रेत्यानं या वेळी सगळं माझ्याकडं बघून सांगितलं. बाहेर पडताना मात्र हळूच विचारलं, "सर ठीक आहेत ना?" मी मान हलवली. गाडी आणायलाही हे आले नाहीत. शाळेतल्या बाई सोबत होत्या. फाटकात गाडी उभी केल्यावर हे बाहेर आले, औक्षणाचं ताट माझ्या हातात दिलं, चाकाखाली लिंबू ठेवून झाल्यावर आत निघून गेले. आठवडाभरात डिझेलची गाडी अमळनेरच्या एकानं नेली. ती जाताना हे पोर्चमध्ये आलेच नाहीत.

मग इंजेक्शनाची तारीख आली. मी नव्या गाडीतून यांना घेऊन धुळ्याला निघाले. हायवेवर मी पहिल्यांदाच एवढ्या लांब. आणि पाळधी ओलांडलं तसं यांनी सुरू केलं: "हळू. आता डावीकडं घे. पुढं गतिरोधक आहे. ब्रेक. अगं, ब्रेक." कधी गतिरोधक मागं पडलेला असायचा, कधी तो तिथं नसायचाच, चौपदरीकरणात उखडून गेलेला. मला आपण चुकतोय की हे चुकतायत तेच कळेना. एरंडोल गेलं, पारोळा जवळ आला, तरी थांबेनात. एका ट्रकला ओलांडताना यांनी अचानक माझ्या मनगटाला धरलं. गाडी हलली. मी ती कडेला घेऊन थांबवली.

"तुम्हाला माझा भरवसा नसेल तर उतरा, एसटीनं जाऊ," मी म्हणाले.

हे समोर बघत राहिले. मग म्हणाले, "जुन्या गाडीत आवाजावरून कळायचं. कितव्या गिअरला आहे, किती पळतेय, चढ आहे की उतार. यात काहीच कळत नाही. डोळ्यापुढं धुकं, कानाला काही नाही. आपण उभे आहोत की ऐंशीनं चाललोय, मला समजत नाही गं. भीती वाटते."

मी त्यांना एवढ्या वर्षांत भीती हा शब्द वापरताना ऐकलं नव्हतं. पाण्याची बाटली दिली. मग गाडी चालू केली आणि मला जे सुचलं ते केलं. बोलायला लागले. "साठनं चाललोय. पुढं कापसाची ट्रॉली आहे. मी मागंच राहतेय. आता उजवीकडनं काढते. सत्तर. काढली. रस्ता मोकळा आहे." यांचा हात दाराच्या मुठीवर घट्ट होता, पण सूचना थांबल्या.

दवाखाना झाल्यावर अक्कांकडं गेलो. परत जायचं तर गाडी चार्जिंगला लावावी लागणार होती, आणि जाड पिनेचा बोर्ड त्यांच्याकडं एकच, कूलरचा. अक्कांनी कूलर बंद केला, पदरानं वारा घेत दारात बसल्या. "हाई गाडी लाईटवर चालस का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी डोळ्यावर पट्टी बांधून पडलेल्या भावाकडं पाहिलं. "आते याले तूच लई येशी का?"

याला आता तूच घेऊन येणार का, असं त्या विचारत होत्या; मी काही बोलायच्या आत आतून हेच म्हणाले, "हो अक्का. आते तीच."

त्या उठल्या आणि भाकरी टाकायला गेल्या.

त्याला आता वर्ष होत आलंय. यांचा डावा डोळा कधी थोडा बरा, कधी नाही. डॉक्टर ठाम काही सांगत नाहीत. गाडीनं अजून तरी दगा दिलेला नाही. मेमध्ये रेंज घटते हे यांचं खरं निघालं, तेव्हा धुळ्याला जास्त वेळ थांबून चार्जिंग करून घ्यावं लागतं. मी एकटी एरंडोलला जाते तेव्हाही कधी कधी तोंडानं "पन्नास, पुढं बस" असं पुटपुटत असते, आणि सिग्नलला शेजारचे स्कूटरवाले बघतात. हे सोबत असले की मोठ्यानं सांगते. काही दिवस हे ऐकतात, मध्येच विचारतात, "कापूस वेचायला आला का?" काही दिवस म्हणतात, "पुरे, डोकं दुखतंय." मग मी गप्प बसते, आणि पारोळ्याच्या पुढं कधीतरी हे विचारतात, "किती चाललीय?"