कडीच्या आतली वहिनी

दुपारची जेवणं झाली, भांडी जागेवर लागली, की आमची वहिनी पदर खोचून न्हाणीघरात शिरायची आणि आतून कडी लावून घ्यायची. अंघोळीसाठी नव्हे, ती सकाळीच झालेली असायची. भिंतीवरच्या पांढऱ्या लाद्यांमधल्या फटी घासायला ती जायची. बाहेरच्या खोलीत आई पडलेली असे, मी काहीतरी शिवत बसलेली असे, आणि आतून ब्रशचा बारीक खसखस आवाज येत राही. तास तास चालायचं ते. शेजारच्या काकू हसून म्हणायच्या, "तुमच्या सुनेला स्वच्छतेचं वेड आहे बाई." आम्हीही तसंच समजत होतो.

मुलुंडला आम्ही राहायला आलो तेव्हा ती वस्ती नवी होती. मागे मोकळी शेतं, पलीकडे डोंगर. घर दोनच खोल्यांचं, पण न्हाणीघर घरातलं होतं आणि दादाला त्याचा भारी अभिमान. तो बांधकामाचं सामान विकणाऱ्या एका पेढीत कारकून होता. तिथून त्याने कोपऱ्यांचे टवके उडालेल्या पांढऱ्या लाद्या आणल्या, गवंड्याला हाताशी धरून छातीएवढ्या उंचीपर्यंत बसवल्या आणि वर झारीच्या तोंडासारखा फवारा लावला. लग्न ठरलं होतं त्याचं. रत्नागिरीकडच्या खेड्यातली मुलगी येणार, तिने असलं न्हाणीघर पाहिलं नसणार, या कल्पनेने तो एकटाच खूश होता. वहिनी आली, तिने फवाऱ्याची चावी फिरवून पाहिली आणि मला हळूच म्हणाली, "वन्सं, हे छान आहे, पण याने अंग भिजतं की नुसती भिंत?" तिचं बरोबरच होतं. पाणी निम्मं भिंतीवर उडायचं, साबणाचा मळ फटींमध्ये बसायचा आणि महिन्याभरात पांढऱ्या लाद्यांमधून काळ्या रेघा दिसायला लागायच्या.

त्या काढायची तिची एक रीत होती. धुण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून घट्ट लगदा करायचा, बोटाने तो फटीत भरायचा आणि मग काही न करता बसायचं. मी एकदा लगेच घासायला घेतलं तर तिने माझा हात धरला. "घाई करू नका. त्याला मुरू द्या. मुरलं की आपणच सुटतं." मग दादाच्या जुन्या दात घासायच्या ब्रशने ती वरून खाली घासत यायची, एक फट झाली की दुसरी. काकूंनी ऍसिड सुचवलं, तर तिने सरळ नाही म्हटलं. "मळ जातो हो त्याने, पण फटीतलं सिमेंटही खातं ते. मग पाणी भिंतीत शिरलं की ते कुठून काढायचं?"

सुरुवातीला मात्र ती कडी लावत नसे. आठवड्यातून एकदा, दार उघडं टाकून, माझ्याशी गप्पा मारत ती हे काम करायची. मी उंबऱ्यावर बसायची. मी मॅट्रिक होऊन घरीच होते, आम्ही जवळजवळ एका वयाच्या, त्यामुळे चारचौघांत 'वन्सं' आणि 'अहो' असलं तरी उंबऱ्यावर ते लवकरच 'सुमे' आणि 'तू' झालं. ती दादाच्या चालण्याची नक्कल इतकी हुबेहूब करायची की मी हसून बेजार व्हायची. तिचे वडील लहानपणीच गेले होते. आई एकटी, थोडे माड आणि एक गाय यांवर राहायची. तिचा विषय निघाला की वहिनी ब्रश खाली ठेवून बोलायची.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी जायला निघाली होती, पण आमच्या आईने अडवलं. गावात डॉक्टर नाही, इथे सगळं हाताशी आहे, असं आईचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. मुलगी झाली. गोरीपान, डोक्यावर दाट जावळ. ती पुरती दोन महिन्यांचीही झाली नाही. छातीत कफ झाला, डॉक्टर आले, औषधं झाली, आणि एका सकाळी वहिनीच्या मांडीवरच ती गेली.

त्यानंतर आईने पाळणा माळ्यावर टाकायला लावला, झबली कुणाला तरी देऊन टाकली आणि वहिनीला सांगितलं, "आता घरात डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. रडून ती येणार नाही. दुसरं होईल." आवाज कठोर नव्हता तिचा, ठाम होता. दादा सकाळी कामाला जायचा तो संध्याकाळी यायचा आणि पेपरमागे बसायचा. मुलीचं नाव कुणी घेईना. वहिनीही घेईना. ती पूर्वीसारखीच स्वयंपाक करायची, विचारलं तेवढं बोलायची. फक्त दुपारी न्हाणीघराची कडी लागू लागली, आधी अधूनमधून आणि मग रोज.

एकदा मला हात धुवायचे होते म्हणून मी दार वाजवलं. आतला खसखस आवाज थांबला. बऱ्याच वेळाने तिने कडी काढली. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या.

"सोडा गेला डोळ्यांत," ती म्हणाली.

दोन दिवसांनी भाजी निवडताना तिनेच विषय काढला. "सुमे, सोडा नव्हता गं गेला. या घरात आतून कडी लावून एकटं बसता येईल असं ते एकच दार आहे. पण नुसतं किती वेळ बसणार आत? कुणीतरी विचारणारच. म्हणून घासते."

भिंती तोवर इतक्या पांढऱ्या झाल्या होत्या की घासायला काही उरलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी बाहेर राखणीला बसू लागले. कुणी आलं की म्हणायची, "वहिनी काम करतेय, थांबा जरा." पण आईच्या कानांना कसं फसवणार? एका दुपारी ती पडल्या जागेवरून उठली आणि दारापाशी गेली.

"किती घासशील गं? झिजतील त्या लाद्या. दार उघड."

दार उघडलं. वहिनी भिंतीला टेकून उभी होती आणि तिला चेहरा पुसायलाही वेळ मिळाला नव्हता. आता आई बोलणार, म्हणून मी मध्ये पडायच्या तयारीत पुढे झाले. आईने काही वेळ तिच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन पाटावर बसली आणि हात पुढे केला.

"दे तो ब्रश. हा कोपरा राहिलाय."

कोपरा राहिला नव्हता. आई तोच घासत राहिली आणि भिंतीकडे तोंड करूनच बोलली, "माझे दोन गेले. हिच्या आधी. माझ्या सासूबाई म्हणाल्या, रडायचं नाही. नाही रडले. तुलाही मी तेच सांगितलं. दुसरं काही मला येतच नव्हतं गं."

वहिनी खाली बसली आणि तिने आईच्या पाठीवर कपाळ टेकलं. मी दारात उभी होते. माझ्या आधी दोन भावंडं होऊन गेली होती, हे मला त्या दुपारी कळलं.

मग घरातलं वातावरण बदललं. मुलीचं नाव घरात पुन्हा ऐकू येऊ लागलं. आई मध्येच म्हणायची, "आज बसायला लागली असती," आणि वहिनी म्हणायची, "हो ना." एकदा जेवताना दादा ताटावरून उठून गॅलरीत गेला. वहिनी त्याच्या मागे गेली, आणि आईने मला डोळ्यांनीच खुणावलं, तू बस.

पुन्हा दिवस गेले तेव्हा वहिनी आईपाशी जाऊन बसली. "सासूबाई, या खेपेला मला आईकडे जाऊ द्या."

दादा नको म्हणत होता. दवाखाना तालुक्याला, वाटेत खाडी. पण आई म्हणाली, "मागच्या वेळी मी अडवली. आता नाही अडवणार. आईच्या हातचं मिळू दे तिला." आम्ही तिला भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसवून दिलं. आईने तिच्या ओटीत नारळ घातला. वहिनीने वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाली, "सासूबाईंना खाली बसून काही घासू देऊ नकोस, त्यांचे गुडघे दुखतात." बोट सुटली तेव्हा ती कठड्याशी उभी राहून हसत होती. माहेरी निघाली होती ना.

फाल्गुनात तार आली. मुलगी झाली होती आणि वहिनी गेली होती. रक्त थांबलं नाही. खाडीपलीकडून डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दादा गेला आणि दिवस करून परत आला. एवढ्याशा जिवाला बोटीने आणता येणार नव्हतं, म्हणून मूल तिकडेच राहिलं होतं. वैशाखात, पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत, आई आणि मी नातीला आणायला निघालो. आईने स्वतःच्या मऊ लुगड्याची दुपटी शिवली होती.

वहिनीची आई अंगणात पाय पसरून बसली होती आणि पायांवर घेऊन बाळाला न्हाऊ घालत होती. आम्ही का आलो ते तिला विचारावं लागलं नाही. तिने आम्हाला जेवू घातलं, मुक्कामाला ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला तेल लावून, काजळ घालून, स्वतःच्या हाताने आईच्या ओटीत दिलं. "तुमचं पोर आहे. न्या." मग कळशी घेऊन ती मागे विहिरीवर गेली.

बराच वेळ झाला तरी रहाटाचा आवाज येईना. आई बाळाला घेऊन मागच्या दारी गेली, मी मागोमाग. विहिरीच्या कठड्याला धरून ती बाई उभी होती, कळशी रिकामीच, आणि तोंडातून आवाज फुटू नये म्हणून तिने पदर दातांत धरला होता.

आई तिच्याजवळ गेली आणि बाळ तिच्या हातांत ठेवलं. "धरा, विहीणबाई. मला आता एवढं लहान मूल झेपायचं नाही."

आईला झेपलं असतं. मी होते, शेजार होता. परतीच्या बोटीत मी तिला विचारलं, "आई, दादाला काय सांगायचं?"

"सांगेन मी." ती दुपट्याची घडी गुडघ्यांवर दाबून बसली होती. "तिची लेक माझ्याकडे नांदायला आली होती गं. मी ती परत पाठवली ती अशी. आता तिच्याकडे अजून काय मागू?"

दादाने ऐकून घेतलं.

आई होती तोवर आम्ही दर उन्हाळ्यात तिकडे जात राहिलो. पोर आजीलाच आई म्हणायची. आम्हाला पाहिलं की "मुंबईची माणसं आली" असं ओरडत आत पळायची आणि दाराआडून बघायची. आई तिला कधी जवळ ओढायची नाही. ओसरीवर बसून लांबूनच तिच्याकडे पाहत राहायची आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणायची, "उभी राहते बघ, अगदी तश्शीच."