राखणीची काठी दत्ताच्याच दारात

या गं बायांनो, जरा जवळ सरकून बसा. रोज हितं ग्रुपवर दुसऱ्यांचे भुताखेतांचे अनुभव वाचता, "आक्का, तुमचा पण लिहा" म्हणून मागं लागता, आणि मी दोन ओळी लिहिल्या की "पुढं काय झालं, पुढं काय झालं" म्हणून ओरडता... असं करतात का? एका बोटानं एकेक अक्षर दाबतेय मी. बोलते तसंच लिहिणार, आणि माझ्या चालीनंच लिहिणार.

आधीच सांगते — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. सगळं आयुष्य डोंगरात गेलं. भोरवरून हिर्डोशीकडं जाताना मधेच ST सोडायची, पाऊण तास चढायचं, मग आमची वाडी. एकवीस उंबरे. सरपणाला एकटी रानात हिंडले. साप भेटले, रानडुक्कर भेटलं, भूत काही भेटलं नाही.

भीती घातली ती चोरांनी. भातलावणीला सगळी वाडी खाचरात असते, घरी चिटपाखरू नसतं. दिवसाढवळ्या कुलपं तुटायला लागली. कुणाची पितळी भांडी गेली, कुणाच्या लेकीचे पैंजण. पोलीस आले, म्हणाले, "फोन केला की निघू, पण आम्ही वर पोचेस्तोवर तुमचं तुम्हालाच सांभाळावं लागेल."

तेव्हा दत्ता पुढं झाला. दत्ता म्हणजे माझा राखीचा भाऊ. सख्खा नाही, पण आमचे मालक गेले तेव्हा सरण त्यानंच रचलं. पुण्यात नोकरी करून तो गावी परतला होता, एकटाच राहायचा. देवळात बैठक बसली, तिथं त्यानं सांगितलं, "रोज एका घरानं खाचरात जायाचं न्हाई. काठी घिऊन वाडीला फेऱ्या मारायच्या. सांजंला काठी फुडच्या घराच्या दारात उभी करायची. ज्याच्या दारात काठी, दुसऱ्या दिशी राखण त्याची. आन परगावी जाताना मला सांगून जायाचं, म्हंजी त्या घराकडं जादा ध्यान देता येतंय."

एक घर सोडून राहणारी माझी शेजारीण पारूबाई, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "आमी कुठं चाललो त्ये ह्येला कशापायी सांगायचं? ह्यो काय माजा सासरा हाय?"

सगळे हसले, पण माना तिच्याच बाजूनं हलल्या. मग मी उठले. म्हटलं, "माझ्या शब्दावर सांगा. दत्ताची हमी माझी."

हे मी बोलले... आणि लोकांनी ऐकलं.

बांबूची काठी आणली, वर तांबडं फडकं आणि घुंगरं बांधली. महिनाभर सगळं नीट चाललं. मग चोऱ्या पुन्हा सुरू झाल्या. ज्या घरची माणसं परगावी, नेमकं तेच घर. आम्हाला वाटलं, रानात बसून कुणीतरी टेहळणी करतंय. दत्ता तर म्हणायचा, "फेऱ्या वाढवा."

श्रावणात पारूबाई लेकीकडं नसरापूरला गेली. दोन दिवसांनी परत आली तर घर फोडलेलं. रडत-रडतच तिनं आपली राखण केली, आणि सांजंला काठी पुढच्या घराच्या दारात ठेवली. सकाळी काठी दत्ताच्या दारात! त्याचं घर वाडीच्या पार टोकाला, झऱ्याजवळ. त्याचा नंबर यायला लई दिवस होते. लोक पारूबाईला बोलले. तिनं देवाची शपथ घेतली. पुढच्या घरानं राखण करून काठी पुढं ठेवली, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. दत्ता हसला, पण जरा ओढूनताणून.

तिसऱ्या दिवशी राखण माझी. मला राग आला होता, माझ्या भावाची चेष्टा कोण करतंय? संध्याकाळी काठी मी कुणाच्या दारात ठेवलीच नाही. घरात आणली, भाताच्या कणगीमागं उभी केली, आतून कडी घातली. झोप माझी कोंबडीसारखी सावध — पण घुंगरू वाजलं नाही.

सकाळी कडी जशीच्या तशी. कणगीमागं काठी नाही.

तशीच दत्ताकडं गेले. रातभर पाऊस होता, त्याच्या अंगणात चिखल. त्या चिखलात पावलं फक्त कोंबड्यांची, आणि दाराला टेकून काठी... कोरडी. फडकंसुद्धा कोरडं. ती मी उचलून हातात घेतली.

हाक मारली, कुणी ओ दिली नाही. गोठ्यात असेल म्हणून मागं गेले. दत्ता नव्हता. पेंढ्याखालून एका गोधडीचं टोक दिसत होतं. बायांनो, आपली शिवण आपल्याला कळते. ती गोधडी मीच पारूबाईच्या लेकीच्या बाळंतपणाला शिवून दिली होती. ओढली, तर आत तांबे, घंगाळ, आणि ते पैंजण.

मागनं आवाज आला, "आक्का, च्या घेनार का?" हातात दुधाची चरवी घेऊन दत्ता उभा.

"ह्ये काय हाय, दत्ता?"

तो घाबरला नाही हो. ते मला अजून सलतं. शांतपणे म्हणाला, "गप राहा, आक्का. कुनाच्या शब्दावर लोक मला सांगून परगावी गेलं? आता बोललीस, तर तूबी माज्या साथीदारातच धरली जाशील."

राखी बांधलेला हात तो... मी दोन्ही हातांनी काठी आपटत वाडीतून पळाले. घुंगरं तुटेस्तोवर आपटली. लोक धावून आले, दत्ताला धरून ठेवला. पोलीसही आले, त्याला घेऊन गेले.

काठीचं मात्र मी त्यांना सांगितलं नाही. काय सांगणार? बंद घरातून ती कशी गेली, चिखल न लागता, पाऊस न लागता कशी उभी राहिली... मला आजही कळत नाही. पारूबाई म्हणते देवीनं केलं. मला तेही म्हणवत नाही.

मला कुणी वाईट बोललं नाही. राखण अजून चालू आहे, माझाही नंबर येतो. पण पूर्वी घर बंद करून निघताना बाया ओट्यावर डोकावायच्या, "आक्का, आले गं जाऊन, घराकडं बघ." आता गुपचूप निघतात. पारूबाईसुद्धा. मी आत बसून कुलूप लावल्याचा आवाज ऐकते, आणि कुठं चाललीस म्हणून विचारत नाही.

तुम्ही तरी या गं. नाचणीची भाकरी करीन. लवकर या, आणि जाताना माझ्या ओट्यावरून, मला सांगून जा.